भुसावळच्या उन्हात पर्शियन की सयामी? जातिवंत मांजर घेण्याआधी सल्ला हवा

तापीकाठ_भुसावळ

नमस्कार मंडळी. घरात जातिवंत मांजर आणायचं चाललंय, त्याआधी जाणकारांना विचारतो.

घर भुसावळात, दुसरा मजला, वर थेट स्लॅब. एप्रिल-मेमध्ये पारा 44-45 ला टेकतो. हॉलमध्ये डेझर्ट कूलर, एका खोलीत एसी, तोही फक्त रात्री. दिवसभर आई-बाबा घरी असतात. घर पूर्ण शाकाहारी आहे, अंडंही येत नाही.

सुरतच्या एका विक्रेत्याकडे पर्शियनचं पिल्लू आहे. ‘पंच फेस, ट्रिपल कोट, 45 दिवसांचं’ असं सांगतोय. दुसरा पर्याय सयामी. बहिणीला मात्र दुमडलेल्या कानांचं स्कॉटिश फोल्ड हवंय. आमच्या हवेत यातलं कोणतं निभेल? घेताना काय बघायचं? दूध-पोळी आणि पनीरवर भागेल का? कूलर पुरेल का? नीट तपशिलात सांगितलं तर उपकार होतील.

पशुवैद्य_धुळे

तापीकाठ भाऊ, आधी नाकाचं बोलू. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बाकी सगळं त्यावरच ठरतं.

मांजराला घाम येतो तो फक्त पंजांच्या गाद्यांना, आणि तोही नावापुरता. अंग निववायला ते स्वतःला चाटतं, म्हणजे लाळ सुकते तशी उष्णता निघून जाते. दुसरा मार्ग नाकाचा. नाकाच्या आत ओल्या पातळ पडद्यांच्या घड्या असतात, त्यांच्यावरून हवा जाते-येते आणि रक्त थोडं गार होतं. पंच फेसमध्ये नाक थेट डोळ्यांच्या रेषेत चढलेलं असतं. हाड आखूड झालं तरी आतलं मऊ मांस त्या प्रमाणात कमी होत नाही, त्यामुळे नाकपुड्या चिमटतात आणि हवेची वाट अरुंद होते. वर जाड दुहेरी कोट, म्हणजे वरचे लांब केस आणि आतली लोकर. अशा मांजराला 45 अंशांत दिवसा कूलरच्या भरवशावर ठेवणं मला मान्य नाही. पर्शियनच हवी असेल तर डॉल फेस घ्या, ज्यात नाकाचा दांडा स्पष्ट दिसतो. तुमच्या तीन पर्यायांत आखूड केसांची, लांब नाकाची सयामी सगळ्यात सोयीची.

कूलरचं गणित असं. मेमध्ये हवा कोरडी असते म्हणून कूलर चांगला चालतो, पण समोरची खिडकी चार बोटं तरी उघडी हवी. खोली बंद ठेवली तर तासाभरात दमट होते आणि मांजराचं चाटणं वाया जातं. जून लागला, हवेत दमटपणा आला की तोच कूलर निरुपयोगी, तेव्हा पंखा आणि एक्झॉस्ट. नुसत्या पंख्यावरही विसंबू नका. खोलीचीच हवा 40 अंशांची असेल तर पंखा गरम हवा अंगावर मारतो, कारण मांजराचं स्वतःचं तापमान 38 ते 39.2 च्या दरम्यान असतं.

वरचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता खाली सोडत राहतो. म्हणून मांजराची जागा जमिनीलगत, शहाबादी किंवा कडप्प्यावर, शक्यतो उत्तरेकडच्या खोलीत करा. गच्चीला पांढरा परावर्तक रंग मारला तर खालच्या खोलीत चांगला फरक पडतो. जुन्या धाब्याच्या घरात हा त्रास कमी असतो, मातीचं छत उशिरा तापतं. वीज गेली तर गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून जवळ ठेवा. मांजराला हवं तेव्हा टेकता आणि हवं तेव्हा उठता आलं पाहिजे, म्हणून तिला बाटलीसोबत पिंजऱ्यात कोंडू नका.

आता उष्माघात. कुत्रा तोंड उघडून धापा टाकतो ते नेहमीचं, मांजराने टाकल्या तर ती धोक्याची खूण. सोबत लाळ गळणं, हिरड्या लालभडक होणं, तोल जाणं, उलटी. शांत झोपेत श्वास मिनिटाला 20 ते 30 असतात, 40 च्या वर गेले की सावध व्हा. डिजिटल थर्मामीटरला व्हॅसलीन लावून गुदद्वारातून ताप मोजा. 40.5 च्या वर गेला तर लगेच नळाच्या साध्या पाण्याने पोट, काखा, जांघा आणि पंजे भिजवा आणि पंख्याखाली धरा. लांब केसांच्या मांजराचे केस बोटांनी बाजूला करून पाणी कातडीपर्यंत पोचवायचं. वरवर शिंपडलं तर केसच ओले होतात आणि आत वाफ कोंडते. बर्फ लावू नका, कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि आतली उष्णता आतच राहते. तोंडात जबरदस्तीने पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. ताप 39.5 पर्यंत उतरला की भिजवणं थांबवा, नाहीतर तो खाली घसरत जातो. मांजर उठून बसलं, खाऊ लागलं, तरीही डॉक्टरकडे न्यायचंच. मूत्रपिंडाचं आणि रक्त गोठण्याचं नुकसान एक ते तीन दिवसांनी उघड होतं.

वंशावळ_चाळीसगाव

डॉक्टरांनी तब्येतीचं सांगितलं, मी जातींचं सांगते. जात कुठून आली हे कळलं की स्वभाव आणि दुखणी दोन्ही कळतात.

आज ज्यांना आपण जाती म्हणतो त्या बहुतेक गेल्या दीडशे वर्षांत ठरल्या. 13 जुलै 1871 ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वीअर यांनी मांजरांचं मोठं प्रदर्शन भरवलं, तिथून ‘जातीचं प्रमाण’ ही कल्पना रुजली. लांब केसांची मांजरं त्याच्या खूप आधी युरोपात पोचली होती. इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाले याने 1620 च्या सुमारास इराणच्या खोरासानातून ती नेली असं मानतात, अंगोरा मांजरं अंकाऱ्याकडून फ्रान्समध्ये गेली. पुढे ब्रिटन-अमेरिकेत त्यांचा तिथल्या मांजरांशी इतका संकर झाला की आजच्या पर्शियनची जनुकं इराणपेक्षा पश्चिम युरोपातल्या मांजरांना जवळची निघतात. चपटा चेहरा तर अलीकडचा, विसाव्या शतकात निवडून निवडून वाढवलेला. जुन्या चित्रांतल्या पर्शियनला व्यवस्थित नाक आहे. त्यामुळे डॉल फेस म्हणजे ‘कमअस्सल’ हा बाजारातला समज चुकीचा आहे.

पर्शियन स्वभावाने शांत, उड्या कमी, आवाज कमी, एका जागी तासन् तास बसणारी. आई-बाबांना सोबत म्हणून छान. वजन साधारण साडेतीन ते साडेपाच किलो.

सयामी थायलंडची, म्हणजे जुन्या सयामची. 1884 मध्ये बँकॉकच्या ब्रिटिश वकिलातीतल्या एडवर्ड गूल्ड यांनी एक जोडी इंग्लंडला नेली, पुढच्या वर्षी सयामी मांजरं प्रदर्शनात दिसली. तिचा रंग फार सुंदर गोष्ट आहे. रंगद्रव्य तयार करणारं विकर (एन्झाइम) तिच्यात तापमानावर चालतं, म्हणजे शरीराच्या उबदार भागात जवळजवळ बंद आणि गार भागात सुरू. म्हणून पिल्लं पांढरी जन्मतात, आईच्या पोटात सगळीकडे ऊबच असते. मग कान, नाक, पंजे, शेपूट हे गार भाग गडद होत जातात. याच कारणाने उष्ण प्रदेशात वाढलेल्या सयामीचं अंग फिकट राहतं, थंडीत वाढलेलीचं लवकर गडदावतं. भुसावळात फिकट अंगाची सयामी दिसली तर तिला भेसळीची समजू नका.

स्वभाव मात्र पर्शियनच्या उलट. सयामी बोलते. भुकेला, दाराला, एकटेपणाला, प्रत्येक गोष्टीला तिचा वेगळा आवाज, आणि तो मोठा. दिवसभर घर रिकामं असेल तर ती पडदे फाडेल, स्वतःचे केस चाटून टक्कल पाडेल. तुमच्याकडे आई-बाबा आहेत म्हणून जमेल, तरी रोज 15-20 मिनिटांचा दोरी-पिसाचा खेळ दोन वेळा द्यावाच लागेल. दोन पिल्लं एकत्र आणलीत तर आणखी बरं.

मेन कून, बेंगाल तुम्ही विचारलेल्या नाहीत, पण पुढेमागे कोणी गळ्यात मारायला बघेल म्हणून सांगते. मेन कून अमेरिकेच्या मेन राज्यातली, बर्फासाठी घडलेला कोट, बोका आठ किलोंच्या पुढेही जातो आणि वाढ तीन ते पाच वर्षं चालते. आपल्या उन्हाळ्यात तिला दिवसाही एसी लागेल. बेंगाल ही रानमांजराच्या संकराची जात, अमेरिकेच्या जीन मिल यांनी घडवलेली. त्यांनी 1980 च्या दशकात दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयातून आणलेल्या एका ठिपकेदार बोक्याचं रक्त तिच्यात आहे. ती अफाट धावपळी करते, फ्लॅटमध्ये कोंडली तर घरादाराला छळते. आणि बिबट मांजर, म्हणजे तिचा रानटी पूर्वज, आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. ‘शुद्ध जंगली’ म्हणून कोणी विकत असेल तर तो गुन्हा आहे, त्या वाटेला जाऊ नका.

कागदपत्रांचं: ‘प्युअर पर्शियन’ असं तोंडी सांगण्याला काही किंमत नाही. वंशावळीचा दाखला म्हणजे आई-वडिलांच्या निदान तीन पिढ्या, नोंदणी क्रमांक आणि सीएफए, टिका, डब्ल्यूसीएफ अशा नोंदणी संस्थेचं नाव. लांब केसांचं जनुक अप्रकट असतं, ते दोन आखूड केसांच्या मांजरांतही लपलेलं असू शकतं आणि त्यांच्या पोटी झुपकेदार पिल्लू येतं. म्हणजे केस लांब आहेत यावरून पर्शियन ठरत नाही. दाखला नसेल तर नसू द्या, प्रेमाला दाखला लागत नाही, पण जातिवंताचे पैसे मोजू नका.

पशुवैद्य_धुळे

ताईंनी छान मांडलंय. स्कॉटिश फोल्डचं राहिलं, तेवढं स्पष्ट लिहितो, बहिणीला जरूर दाखवा.

1961 मध्ये स्कॉटलंडमधल्या पर्थशायरच्या एका शेतावर सूझी नावाची दुमडलेल्या कानांची मांजर सापडली, सगळे फोल्ड तिचे वंशज. कान दुमडतात कारण कूर्चेत, म्हणजे मऊ हाडात, दोष असतो, आणि तो दोष फक्त कानात थांबत नाही. तीच कूर्चा सांध्यांत, शेपटीच्या मणक्यांत, घोट्यांत असते. कान दुमडलेल्या प्रत्येक मांजरात हाडांचा हा विकार कमी-जास्त असतोच. शेपूट ताठरते, मागच्या पायांच्या घोट्यांवर गाठी येतात, मांजर उडी मारणं सोडतं. इंटरनेटवर गोड दिसणारी ती ‘बुद्धासारखी बैठक’ पुष्कळदा दुखरे पाय पसरून बसणं असतं. ब्रिटनच्या जीसीसीएफ या संस्थेने 1970 च्या दशकातच या जातीची नोंदणी थांबवली. यावर इलाज नाही, जन्मभर वेदनाशामक औषधं. घेऊ नका आणि मागणीही वाढवू नका. बहिणीला गोल चेहराच आवडत असेल तर सरळ कानांची ब्रिटिश शॉर्टहेअर बघा. शांत असते, फक्त उचलून कडेवर घेतलेलं तिला आवडत नाही.

सुरतच्या पिल्लाबद्दल: 45 दिवस म्हणजे साडेसहा आठवडे. आठ आठवड्यांआधी पिल्लू आईपासून तोडायचं नसतं, बारा आठवडे उत्तम. लवकर तोडलेली पिल्लं चावरी होतात, लोकर-कापड चोखत राहतात, आणि आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरण्याच्या काळात प्रवासाचा ताण येतो. सांगितलेलं वयही पारखून घ्या. सगळ्या पिल्लांचे डोळे सुरुवातीला निळसर असतात, सहा-सात आठवड्यांनंतर खरा रंग उतरू लागतो. तांबूस डोळ्यांचं म्हणून सांगितलेलं पिल्लू अजून पूर्ण निळ्या डोळ्यांचं असेल तर ते त्याहून लहान आहे. आठ आठवड्यांच्या पिल्लाचं वजन साधारण 700 ते 900 ग्रॅम भरतं आणि दुधाचे 26 दात आलेले असतात.

हातात घेऊन बघायचं ते असं. झोपलेलं असताना तोंड बंद ठेवून श्वास घेतंय का, घोरतंय का. नाकपुडी उभी चीर झाली असेल तर सोडून द्या. कानात कॉफीच्या चुऱ्यासारखा काळा मळ म्हणजे कानातले किडे. कानाच्या कडा, भुवया, पंजे यांवर केस गळून गोल खपली दिसली तर नायटा, आणि तो तुमच्या आई-बाबांनाही लागतो. पांढरंशुभ्र, दोन्ही डोळे निळे असलेलं पिल्लू बहिरं असण्याची शक्यता मोठी. त्याच्या मागे उभं राहून किल्ल्या वाजवा, टाळी नको, कारण टाळीची हवा मिशांना जाणवते.

पर्शियनसाठी एक गोष्ट लेखी मागा: आई-वडिलांची पीकेडीची जनुकीय तपासणी. या आजारात मूत्रपिंडात जन्मापासून पाण्याच्या गाठी असतात, त्या हळूहळू वाढतात आणि त्रास दिसतो तो बहुधा सातव्या वर्षाच्या आसपास. दोष प्रभावी प्रकारचा आहे, म्हणजे आई-वडिलांपैकी एकाकडून आला तरी पुरतो आणि निम्म्या पिल्लांत उतरू शकतो. गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेऊन ही तपासणी होते. सोनोग्राफीने दहा महिन्यांनंतर खात्रीने कळतं, पिल्लाच्या सोनोग्राफीवर भरवसा नको.

झळा_नंदुरबार

एवढं कशाला? मार्चअखेर मशीनने झिरो कट मारा, पर्शियन आरामात राहते. केस गेले की गरमी गेली.

लांबकेस_अमळनेर

झळा दादा, झिरो नको. पर्शियनची कातडी अगदी पातळ असते, मशीन कातडीला लागून फिरलं की ओरखडे पडतात, ब्लेड तापलं तर चटका बसतो. पांढऱ्या-क्रीम रंगाच्या मांजराला खिडकीतलं ऊनसुद्धा भाजतं. पोटाखालचे आणि जांघांमधले केस आखूड करा, कारण ती पोटावर गार फरशीला टेकून निवते. गुदद्वाराभोवतीचे कापा. पाठीवर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर राहू द्या. पूर्ण कोट परत यायला चार ते सहा महिने लागतात, म्हणजे मार्चअखेर कापलं तर ऑगस्ट-सप्टेंबरच्या आसपास. हिमालयन म्हणजे सयामी रंगाच्या पर्शियनला पाठीवर कापलंत आणि तिला एसीत ठेवलंत तर तो भाग गडद उगवतो, वर ताईंनी सांगितलेल्या त्याच कारणाने.

उन्हाळ्यात खरा त्रास देतात त्या केसांच्या जटा. जट बसली की तिच्याखाली हवा खेळत नाही, दमट ओल राहते, कातडी लाल होते. म्हणून रोज दहा मिनिटं कंगवा हवाच. स्टीलचा, एका बाजूला विरळ आणि दुसऱ्या बाजूला बारीक दात असलेला कंगवा घ्या. आधी विरळ, मग बारीक. मऊ ब्रशने वरचे केस चमकतात आणि आतली लोकर तशीच गुंततेय हे कळत नाही. जटा नेहमी त्याच जागी बसतात: कानामागे, काखेत, गळपट्ट्याखाली, पोटावर, मागच्या मांड्यांवर. हाताने चाचपून बघा, डोळ्यांना दिसत नाहीत.

छोटी जट सोडवायची ती अशी. जटेच्या मुळाशी केस चिमटीत घट्ट धरा म्हणजे कातडी ओढली जात नाही. वर चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळा. मग टोकाकडून सुरुवात करून कंगव्याच्या शेवटच्या दोन-तीन दातांनी थोडं थोडं उकलत मुळाकडे या. कात्री लावू नका. जट ओढली की कातडी तंबूसारखी वर येते आणि कात्रीत तीच सापडते. मोठी जट असेल तर 10 नंबरचं ब्लेड लावून, जट आणि कातडी यांच्यामधून मशीन फिरवावं लागतं, आणि ते डॉक्टरकडून किंवा सरावाच्या माणसाकडूनच.

आंघोळ तीन-चार आठवड्यांनी एकदा. आधी पूर्ण विंचरायचं, कारण पाणी लागलं की जट आवळून बसते. पाणी कोमट, शाम्पू मांजराचाच, आणि धुताना फेस पूर्ण निघेपर्यंत थांबू नका. मग टॉवेलने दाबून टिपा, ड्रायर कमी गरमीवर, आतली लोकर कोरडी होईपर्यंत. ओली लोकर राहिली की पावसाळ्यात तिथेच बुरशी धरते.

डोळ्यांतून पाणी सारखं येतं, कारण चपट्या चेहऱ्यात अश्रूंची नळी वाकलेली असते. उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस भिजवून रोज पुसा, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा. पाणी पिवळं-हिरवं झालं किंवा डोळा बारीक केला तर पुसत बसू नका, दवाखाना गाठा. लिटर, म्हणजे शौचाच्या ट्रेमध्ये भरायचा माल, म्हणून लाकडाच्या गोळ्या या मांजरांच्या मांड्यांच्या केसांत अडकतात, बारीक बेंटोनाइट (एक प्रकारची माती) बरा. थर पाच ते सात सेंटिमीटर, रोज दोनदा गाळून काढा, आणि एका मांजराला दोन ट्रे.

तापीकाठ_भुसावळ

फार मोलाची माहिती मिळतेय, सगळ्यांचे आभार. फोल्डचा विषय बहिणीने स्वतःच मिटवला. आता खाण्याचं सांगा. आईचं म्हणणं, दूध-पोळी, पनीर, तूप-भात यावर मांजर का जगणार नाही?

मांजरमावशी_शिरपूर

आईंना माझा नमस्कार सांगा. त्यांच्या मायेबद्दल शंका नाही, पण मांजराचं शरीर वेगळं घडलंय.

टॉरिन नावाचा घटक माणसाचं शरीर स्वतः तयार करतं, मांजराला तो पुरेसा तयार करता येत नाही. तो मांस-मासळीतच मिळतो. कमी पडला की डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी होतो आणि हृदयाचा स्नायू सैल पडतो. गाजर-भोपळ्यातल्या केरोटिनपासून अ जीवनसत्त्व बनवणंही मांजराला जमत नाही. पनीरमध्ये प्रथिनं आहेत, पण या गोष्टी पुरेशा नाहीत. दुधातली साखर बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही, हगवण लागते आणि उन्हाळ्यात अंगातलं पाणी आणखी कमी होतं.

कांदा-लसूण कोणत्याही रूपात नको. वरणाच्या फोडणीतला, शेवभाजीच्या रश्श्यातला, भरितातला, सुकवलेल्या पावडरीतला, सगळा सारखाच. त्याने तांबड्या पेशी फुटतात आणि पंडुरोग होतो. आपल्या जेवणात तो नसलेला पदार्थ शोधावा लागतो, म्हणून ताटातलं काहीच न देणं सोपं.

शाकाहारी घरासाठी मार्ग आहे. तयार कोरडं खाद्य, पाकिटावर ‘संपूर्ण व संतुलित’ आणि वयाचा गट लिहिलेलं. हात लावावा लागत नाही, मापाचा चमचा, वाटी, डबा सगळं वेगळं ठेवता येतं. चार किलोच्या नसबंदी झालेल्या घरबशा मांजराला दिवसाला सुमारे 200 किलोकॅलरी लागतात, म्हणजे बहुतेक कोरड्या खाद्यांचे 50 ते 55 ग्रॅम. वाटी भरून दिवसभर ठेवू नका, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून दोन-तीन वेळा द्या. वाढत्या पिल्लाला किलोमागे जवळपास दुप्पट ऊर्जा लागते, दिवसातून चार वेळा. विक्रेता जे खाद्य देत होता तेच पहिले काही दिवस चालू ठेवा आणि सात ते दहा दिवसांत नवं मिसळत जा. कुत्र्याचं खाद्य चालत नाही. कोणी नुसतं उकडलेलं चिकन सुचवेल, तेही नको, त्यात कॅल्शियम फार कमी असतं आणि पिल्लाची हाडं ठिसूळ होतात.

आपल्या उन्हात खाद्यातली चरबी खवट होते. मोठी गोणी स्वस्त पडते म्हणून आणू नका. लहान पाकीट घ्या, ते मूळ पिशवीसकट घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा आणि महिनाभरात संपवा. मांजर अचानक खाद्य हुंगून पाठ फिरवायला लागलं तर आधी पाकिटाचा वास घ्या.

पाणी हे कोरड्या खाद्याचं दुसरं अंग. किलोमागे दिवसाला साधारण 50 मिली, म्हणजे चार किलोला 200 मिली. मांजरं मुळात कमी पितात. रुंद, उथळ वाट्या तीन-चार ठिकाणी ठेवा, खाण्याच्या वाटीपासून दूर, मातीच्या असल्या तर उत्तम. लघवी कमी आणि घट्ट झाली की खडे बनतात, आणि बोक्याची नळी अरुंद असल्यामुळे ती तुंबते. बोका ट्रेमध्ये वारंवार बसतोय, ओरडतोय आणि थेंबही येत नाही, तर सकाळपर्यंत वाट बघायची नाही, त्याच तासाला दवाखाना. तसंच मोठ्या मांजराने दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर यकृतावर चरबी चढते, जाड मांजरांत जास्त. नवं घर आहे, रुसलंय, असं म्हणत थांबू नका. पिल्लाच्या बाबतीत एका दिवसापलीकडे थांबू नका.

तापीकाठ_भुसावळ

घरी सगळ्यांचं एकमत झालं: सयामी, जमलं तर दोन पिल्लं, बारा आठवड्यांची, आणि आणायचं ते पावसाळ्यानंतर. घरात आधीपासून काय बदलावं लागेल? आणि लसी कधी?

पशुवैद्य_धुळे

चांगलं ठरवलंत. ऑक्टोबर-नोव्हेंबरला आणलीत तर उन्हाळ्याआधी पाच महिने मिळतात. सुरत किंवा पुण्याहून आणताना रात्रीचा प्रवास, कडक प्लास्टिकचा कॅरियर, तळाला आईचा वास असलेलं फडकं, आणि निघण्याआधी चार तास खाणं बंद.

लस: तीन आजारांची एकत्रित लस आठव्या आठवड्यात सुरू, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, शेवटचा डोस सोळाव्या आठवड्यात किंवा नंतर. तो शेवटचा डोस लोक चुकवतात, आणि आईकडून आलेल्या प्रतिकारशक्तीमुळे आधीचे डोस वाया गेलेले असले तर पिल्लू उघडं पडतं. रेबीज बाराव्या आठवड्यानंतर, पुढे दरवर्षी. जंताचं औषध सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, वजन करूनच. नसबंदी पाचव्या महिन्याच्या आसपास. सयामी भाटी लवकर माजावर येते आणि तिचं ओरडणं सगळ्या बिल्डिंगला ऐकू जातं.

घरातला पहिला बदल म्हणजे फिनाईल बंद. काळं असो वा पांढरं, पुसलेल्या फरशीवरून मांजर चालतं, मग पंजे चाटतं, आणि ते विष मांजराचं यकृत मोडू शकत नाही. साबणाच्या पाण्याने पुसा, नंतर साध्या पाण्याने. कूलरच्या टाकीत डासांसाठी रॉकेल किंवा औषध टाकत असाल तर तेही बंद, मांजर टाकीतलं पाणी पितं. टाकी आठवड्याला रिकामी करून घासली तर डास होत नाहीत. कूलरच्या मागच्या जाळ्या घट्ट आहेत का बघा, पिल्लू वाळ्याच्या पडद्यावर चढतं आणि पंख्यापर्यंत पोचतं.

तापाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला जीवघेणी आहे, अर्धीसुद्धा. कुत्र्यांच्या गोचिडांची परमेथ्रिन असलेली औषधंही तशीच. शेतावरून कोणी कपाशीला फवारणी करून आलं असेल तर ते कपडे मांजराच्या पोचेत ठेवू नका, ती त्यावर झोपते आणि नंतर अंग चाटते. शिवणाची सुई-दोरा, मांज्याची रिळं कपाटात. गिळलेला दोरा तोंडातून किंवा मागून लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, आतडं चिरतं, तसंच दवाखान्यात न्या. दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांना आणि गॅलरीला जाळी, आणि ती डासांची नायलॉनची नको, ती नखांनी फाटते. जी.आय. (जस्त चढवलेल्या लोखंडी) तारेची, अर्धा इंच चौकोनाची जाळी चौकटीत स्क्रूने बसवून घ्या, पिल्लं घरात येण्याच्या आधी.